सांजेचं सांगणं

गेनबा येणार असा निरोप ठकुबाईनं आठ दिवस आधीच धाडला होता, पण तो खरंच येईल असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. कार्तिकातल्या त्या सकाळी रतनबाई अंगणात नवं भात कांडत होती. खालच्या बांधावरून चार माणसं येताना दिसली तशी तिनं मुसळ उखळातच उभं ठेवलं आणि डोळ्यांवर हात धरून पाहत राहिली. पुढं तिची नणंद ठकुबाई, पदर खोचून, भाटघराकडून दोन दिवस चालत आलेली वाटू नये अशा झपाट्यानं. तिच्यामागं धाकटी जाऊ फुलाबाई, तिचं बोट धरून आठ वर्षांची धोंडी, आणि सगळ्यांत शेवटी, दहा पावलं मागं, दीर गेनबा.

रतनबाई गोठ्याकडं गेली. तिचा नवरा कुंडलिक बैलांना पेंढा टाकत होता.

"आलं," ती म्हणाली.

कुंडलिकानं हातातला पेंढा खाली ठेवला, पुन्हा उचलला. "गेनबाबी?"

"व्हय. फुला आन् धोंडीबी हायेत."

"तू म्होरं हो. म्या हातपाय धुऊन येतो."

हातपाय धुवायला त्याला बराच वेळ लागला. रतनबाईला त्याचं नवल वाटलं नाही. वर्षभरात तिनं हे अनेकदा पाहिलं होतं. काही बोलण्याआधी त्याला स्वतःशी थोडं बसावं लागे.

गेनबा घर सोडून गेला त्याला दीड वर्ष होत आलं होतं. आदल्या वर्षीच्या आषाढात भाताची आवणी चालू होती. वाडीतली वीसेक माणसं रोपं लावत खाचरात वाकलेली, आणि वरचा बांध फुटून सगळं पाणी खाली वाहून गेलं. पाण्याचं तोंड बुजवायचं काम गेनबाकडं होतं. कुंडलिक खालून ओरडत आला, तो आवाज म्हणे राजगडाच्या माचीवर गुरं राखणाऱ्यांनी ऐकला. आणि नुसतं ओरडून तो थांबला नाही. त्यानं सगळ्यांदेखत, फुला आणि धोंडीदेखत, भावाच्या छातीला धक्का दिला. गेनबा चिखलात बसला. तो उठला, एक शब्द बोलला नाही, बांध बुजवला, अंधार पडेपर्यंत आवणी केली, आणि दुसऱ्या दिवशी बायकोपोरीला घेऊन भाटघराकडं सासुरवाडीला निघून गेला.

कुंडलिक मुळात दुष्ट माणूस नव्हता. भाटघरचं धरण बांधलं जात होतं तेव्हा तो तिथं बारा वर्षं मुकादम होता. चुन्याच्या घाण्यांची घरघर, दगडावर पडणारे घण, शेकडो माणसांचा कालवा, त्यात हाक पोचवायची तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. धरण पुरं झालं, कुंडलिक वाडीत परतला, शेतीला लागला. आवाज मात्र धरणावरचाच राहिला. जेवताना मीठ मागायचं तरी तो त्याच आवाजात मागे. आणि आवाज चढला की मागोमाग राग चढे, की आधी राग आणि मग आवाज, हे त्याचं त्यालाही कधी उमगलं नव्हतं.

गेनबा गेल्यावर पहिले चार महिने तो भावालाच दोष देत राहिला. मग एकदा दिवाळीच्या सुमारास तो नेहमीपेक्षा लवकर शेतातून आला तर घरातून हसण्याचा आवाज येत होता. रतनबाई आणि शेजारची सगुणाबाई बोलत होत्या, आणि रतनबाई खळखळून हसत होती. कुंडलिक अंगणात थबकला. बायकोचं हसणं त्यानं किती वर्षांत ऐकलं नव्हतं ते त्याला आठवेना. तो खाकरला. हसणं तिथंच थांबलं. सगुणाबाई मागच्या दारानं निघून गेली आणि रतनबाई पाण्याचा तांब्या घेऊन समोर आली ती खाली मान घालून.

तो गोठ्यात जाऊन बसला. थोरल्या बैलाच्या कपाळावर माशी बसली होती ती उडवायला त्यानं हात उचलला, तर बैलानं डोळे गच्च मिटले आणि मान फिरवली. कुंडलिकाचा हात तसाच वर राहिला. त्या संध्याकाळी तो जेवला नाही.

पुढच्या आठवड्यात तो भोरला गेला. धरणाच्या कचेरीत गंगाधरपंत नावाचे कारकून होते, ते आता पेन्शनीत निघून भोरात राहत होते. शिकलेल्या माणसांत कुंडलिकाची ओळख तेवढीच. पंतांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "कुंडलिक, धरणावर तुझा आवाज लागत होता. आता तो कुणाला लागतो?"

"मंग म्या काय करू, पंत?"

पंतांनी त्याला ना जप सांगितला, ना उपास. रोज सांजेला दिवा लावायच्या आधी बसायचं आणि सकाळपासूनचा दिवस मनात पुन्हा पाहायचा, एवढंच ते म्हणाले. कुठं आवाज चढला, कुणावर, त्याच्या आधी काय झालं होतं. स्वतःला शिव्या घालायच्या नाहीत आणि स्वतःची बाजूही घ्यायची नाही, नुसतं पाहायचं. राग आलाच तर तोंड उघडायच्या आधी शेताच्या टोकापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. आणि शेवटी म्हणाले, माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तेव्हा जो रोज ऐकतो त्याला विचारत जा.

म्हणून कुंडलिक रोज सांजेला रतनबाईला विचारू लागला, "आज म्या कुठं वरडलो?"

पहिल्यांदा रतनबाईला घाम फुटला. हा नवा काहीतरी सापळा आहे असं तिला वाटलं. "न्हाई वरडला," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. महिनाभर कुंडलिक तिच्या मते एकदाही ओरडला नाही. मग एक दिवस सगुणाबाईची शेळी पावट्याच्या वेलात शिरली आणि कुंडलिक असा गरजला की शेळीच्या मागं सगुणाबाईसुद्धा पळाली. सांजेला त्यानं विचारलं आणि रतनबाई सवयीनं म्हणाली, "न्हाई."

"रतन, त्ये तर समद्या वाडीनं ऐकलं," कुंडलिक म्हणाला.

रतनबाईला हसू आवरलं नाही. पदर तोंडाला लावूनही आवरलं नाही. तिनं घाबरून वर पाहिलं तर तोही हसत होता. त्या सांजेपासून ती खरं सांगू लागली. सकाळी मला, दुपारी बैलाला, तिसऱ्या प्रहरी वाटेनं जाणाऱ्याला. कधी पाचदा, कधी सातदा. फाल्गुनापर्यंत ते दोनवर आलं, पावसाळ्यात पुन्हा वाढलं, आणि आता कितीतरी दिवस अगदी कोरे जात. पण खरं सांगायचं धाडस तिच्या अंगात मुरायला बरेच दिवस लागले होते, आणि हे फक्त तिलाच माहीत होतं.

गेनबानं वाटेत दोन दिवस भांडणाची तयारी केली होती. दादा असं म्हणाला तर आपण असं म्हणायचं, तसं म्हणाला तर तसं. दादा अंगावर आला तर काय करायचं तेही त्यानं ठरवलं होतं. तो सोप्याच्या पायरीशी उभा राहिला. कुंडलिक ओले हात धोतराला पुसत आला आणि म्हणाला, "आलास? वाटंत तरास न्हाई ना झाला?"

गेनबानं तयार केलेल्यातलं एकही उत्तर याला लागू पडत नव्हतं. तो नुसता "न्हाई" म्हणाला आणि सोप्यावर कडेला बसला. दादाचा आवाज बारीक झाला होता. चेहरा तोच, मिशा तशाच, पण आवाज असा जणू कुणी घरात झोपलंय. गेनबाला बरं वाटण्याऐवजी भीती वाटली. ओरडणारा दादा त्याला ठाऊक होता. या माणसाच्या मनात काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. वाटणीची गोष्ट निघणार हे याला कळलंय, तेव्हा गोड बोलून आपल्याला खालची मुरमाड जमीन देण्याचा याचा बेत असणार, असं त्यानं मनाशी धरलं.

आत चुलीपाशी ठकुबाईलाही वेगळाच घोर लागला होता. तिनं रतनबाईला कोपऱ्यात घेऊन विचारलं, कुंडलिकाला मध्यंतरी ताप आला होता का, कुणाच्या घरचं काही खाल्लं होतं का, कुणाची नजर तर नाही ना लागली. वेल्ह्याकडं एक उतारा करणारा जाणता आहे, त्याच्याकडं घेऊन जाऊ, असंही ती म्हणाली. रतनबाईनं हसून सांगितलं, ताप नाही, नजर नाही, त्यांनी स्वतःच मनावर घेतलंय. ठकुबाईनं मान हलवली. पंचेचाळिशीचा बाप्या माणूस आपण होऊन बदलतो हे तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि न पाहिलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायची तिला खोड नव्हती.

नव्या तांदळाचा भात शिजला, गुळाची खीर झाली, गावदेवी मेंगाईला नैवेद्य निघाला, बैलांना घास गेला. पुरुषांची पानं मांडली. आमटी फुलाबाईनं केली होती. या घरात दीड वर्षानं पाऊल टाकलेलं, ती मीठ घालायचंच विसरली. पहिला घास गेनबानं घेतला आणि त्याचं तोंड पाहूनच तिच्या ध्यानात आलं. ती दाराआड उभी राहून मोठ्या दिराकडं पाहू लागली. कुंडलिकानं घास गिळला. त्याचे जबडे आवळले गेले, नजर खाली स्वतःच्या हातांवर गेली, तिथं ती थोडा वेळ राहिली. मग त्यानं डावा हात लांब करून मिठाची वाटी ओढली, स्वतः घेतलं आणि वाटी भावाकडं सरकवली.

या माणसाला हे सोपं जात नाही, हे फुलाबाईला त्या क्षणी कळलं. डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर घेऊन निसरड्या वाटेनं चालणाऱ्या बाईसारखा तो जेवत होता. सोंग करणाऱ्याला एवढे कष्ट पडत नाहीत. पण हे नवऱ्याला सांगायला मधे वेळ मिळाला नाही.

जेवणं झाल्यावर सगळे सोप्यावर बसले. बायका दाराच्या आत. ठकुबाईनंच विषय काढला. दीड वर्ष भाऊ सासऱ्याच्या दारी पडलाय, हे काही बरं नाही, तेव्हा बापाच्या जमिनीचे दोन भाग करा आणि ज्याचं त्याला द्या, असं ती म्हणाली. वाटेभर गेनबानं तिला हेच सांगितलं होतं आणि त्याची बाजू घ्यायचं तिनं कबूल केलं होतं. कुंडलिकानं गेनबाला विचारलं, तुझ्या मनात कोणता भाग आहे.

गेनबानं मुद्दाम मोठी उडी मारली. "वरचं खाचर," तो म्हणाला. "झऱ्याकडंचं."

ते खाचर घरातलं सोनं होतं. झऱ्याच्या पाण्यानं तिथं होळीपर्यंत ओल टिकायची. दादा आता ओरडणार म्हणून गेनबा वाट पाहू लागला.

"घे," कुंडलिक म्हणाला.

मग ठकुबाईच भडकली, आणि भडकली ती कुंडलिकावर. ते खाचर बापानं हातानं दगड उपसून केलेलं, थोरल्याचा त्यावर हक्क, आणि हा असा काय सुपारी दिल्यासारखा देऊन टाकतो. घडीभरापूर्वी गेनबाची वकिली करणारी ठकुबाई आता कुंडलिकाकडं झुकली आणि त्यालाच बोलू लागली. घरातल्या थोरल्यानं असं मऊ होऊन चालतं का, लोक उद्या अंगणातून वाट काढतील, तोंड उघड, काहीतरी बोल. कुंडलिक शांतपणे म्हणाला, "आक्का, त्यानं मागितलं, म्या दिलं. बोलायचं काय त्यात."

गेनबाच्या कपाळाची शीर उडू लागली. भांडायला म्हणून आलेल्या माणसाला भांडण न मिळाल्यावर जसं होतं तसं त्याचं झालं. तो म्हणाला, "मंग ऐका. त्ये खाचर म्या इकणार हाय. पालीतल्या एकाशी बोलणंबी झालंय. त्या पैशावर म्या भाटघराकडं जमीन घेणार."

"इकशील?" कुंडलिक उभा राहिला. "बापाची जमीन परक्याला इकशील?"

तो आवाज धरणावरचा होता. वळचणीतल्या चिमण्या उडाल्या. आत धोंडी किंचाळून आईच्या कुशीत शिरली आणि फुलाबाईनं नकळत पोरीच्या डोक्यावर दोन्ही हात धरले.

कुंडलिकानं ते हात पाहिले. त्याचं तोंड अजून उघडंच होतं. ते त्यानं मिटलं, पायरीवरून उतरला आणि मागं न बघता शेताच्या वाटेला लागला.

"बगितलंस आक्का?" गेनबा म्हणाला. त्याच्या आवाजात कुठंतरी समाधान होतं. "सकाळपासनं सोंग चाललं व्हतं. आता निघालं बाहीर. फुला, ऊठ. जायाचं."

फुलाबाई उठली नाही. आणि दारातून रतनबाई बाहेर आली. चौघांत उभं राहून ती आजवर कधी बोलली नव्हती. तिनं पदर सारखा केला आणि दिरासमोर सोप्यावर, खाली नव्हे, सोप्यावरच बसली.

"भावजी, बसा. त्ये रुसून ग्येले न्हाईत. टोकाच्या आंब्यापातुर जातील आन् परत येतील. वरीसभर म्या बगतीया. राग आला की तितवर जात्यात."

गेनबा उभाच राहिला.

"रोज सांजंला मला इचारत्यात, आज म्या कुठं वरडलो. म्या सांगते. पयल्यांदा सांगायचं भ्या वाटायचं. आता न्हाई वाटत. गेल्या अमुशेपासनं कालपातुर दोन येळा वरडले व्हते, आजचं धरून तीन. सोंग असतं तर माज्यासमोर कशाला क्येलं असतं, भावजी? म्या काय पंच हाय?"

ठकुबाईनं तोंडावर हात ठेवला. रतनबाईच्या तोंडून सलग एवढी वाक्यं तिनं लग्न होऊन आल्यापासून ऐकली नव्हती. कुंडलिकापेक्षा हिचंच बदलणं मोठं, असं तिच्या मनात आलं, आणि मग पुढचं आलं की हे दोन्ही एकाच वर्षात झालं असेल तर त्यात काहीतरी तथ्य असणार.

"थांबू या," फुलाबाई आतून नवऱ्याला म्हणाली. "येऊ द्या त्यांना."

कुंडलिक आंब्यापाशी पोचला. वर्ष फुकट गेलं, असंच पहिल्यांदा त्याच्या मनात आलं. सगळ्यांसमोर, त्याच पोरीसमोर, पुन्हा तेच. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मग पंतांचं म्हणणं आठवलं. शिव्या नाहीत, बाजू घेणं नाही. तो आंब्याला पाठ टेकून उभा राहिला आणि रोज सांजेला पाहायचा तसं आताचं पाहू लागला. गेनबा म्हणाला, इकणार. त्यानंतर आपण ओरडलो. पण या दोहोंच्या मधे काय झालं?

मधे काहीतरी झालं होतं, ते त्याला दिसेना. त्यानं पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. गेनबा म्हणाला, भाटघराकडं जमीन घेणार. तिथं छातीत खड्डा पडल्यासारखं झालं होतं. राग त्याच्यानंतरचा. आधी तो खड्डा.

खाली गुंजवणी नदीच्या पात्रावर ऊन चमकत होतं. बारा वर्षांत धरणावर, आणि त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत, तो किती वेळा त्या खड्ड्यावरून उडी मारून थेट रागात पडला असेल, याचा विचार करून त्याला स्वतःची दया आली. मग तो परत फिरला.

सोप्यावर सगळे तसेच होते. कुंडलिक त्याच्या नेहमीच्या खांबापाशी न बसता पायरीवरच बसला.

"आज म्या वरडलो," तो म्हणाला. "समद्यांम्होरं वरडलो, म्हनून समद्यांम्होरं सांगतो. गेनबा, तू जमीन इकणार म्हनालास तवा मला भ्या वाटलं. तू तिकडं जमीन घेतलीस की परत येणार न्हाईस, ह्याचं भ्या. त्ये भ्या म्हनून सांगाया पायजे व्हतं. त्ये म्या वरडून सांगितलं."

ओरडण्यापेक्षा हळू बोलायलाच त्याला जास्त दम लागत होता.

"आन् त्या आवणीला तुला ढकललं. बांध कुनाकडनंबी फुटतो. तू फोडला न्हवतास. चूक माजी व्हती. लई दिस सांगायचं व्हतं, तू समोर न्हवतास. आता खाचर तुजंच हाय. ठेव न्हाईतर इक. म्या मधी येणार न्हाई. फकस्त माज्या भ्यानं कुठं जाऊ नगंस. जायाचं तर तुज्या मर्जीनं जा."

गेनबा जमिनीकडं पाहत होता. दीड वर्ष त्यानं दादानं माफी मागावी म्हणून वाट पाहिली होती, आणि आता ती मिळाल्यावर तिचं काय करायचं हे त्याला समजत नव्हतं. फुलाबाई दाराआडून त्याच्याकडं पाहत होती. तिला ठाऊक होतं की पालीतल्या कुणाशी काही बोलणं झालेलं नाही.

शेवटी गेनबा म्हणाला, "दादा, पालीचा कोन न्हाई."

"म्हंजी?"

"गिऱ्हाईक न्हाई कोन. म्या मुद्दाम बोललो. तुमी वरडावं म्हनून." त्यानं एकदम सगळं सांगून टाकलं. "तुमी सकाळपासनं गोड बोलाय लागला आन् माजं डोकं फिरलं. तुमी वरडला न्हाई तर म्या घर सोडून ग्येलो त्ये कशापायी, असं झालं मला. तुमी वरडलात की माजं खरं व्हतं."

हे बोलून झाल्यावर त्याला स्वतःच्याच बोलण्याचं आश्चर्य वाटलं. लहानपणापासून त्याची रीत एकच होती. गप्प बसायचं, सोसायचं, आणि एक दिवस उठून निघून जायचं. बांध फुटला त्या दिवशीच आपल्याला तोंड का नाही फुटलं, असं त्याला वाटून गेलं. तेव्हाच चार शब्द बोलला असता तर दीड वर्ष सासऱ्याच्या सोप्यावर पाहुण्यासारखं काढावं लागलं नसतं. दादाच्या ओरडण्याबद्दल त्यानं गावोगाव सांगितलं होतं. आपल्या गप्प बसण्याबद्दल त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही कुणाला विचारलं नव्हतं.

कुंडलिक हसला. मोठ्यानं नाही, पण त्याचे खांदे हलले. ठकुबाईनं डोळे पुसले आणि लगेच पदर झटकून म्हणाली, आता पुढं काय ठरलं ते नीट सांगा, मी काही इथं वर्षभर बसायला आलेले नाही. ठरायला फार वेळ लागला नाही. वरचं खाचर गेनबाचं, खालचं कुंडलिकाचं. चुली वेगळ्या. एकाच चुलीवर परत यायचं फुलाबाईच्या मनात नाही हे तिनं स्वतःच सांगितलं, आणि रतनबाईनं त्याला रुकार दिला. आपल्यालाही वेगळी चूलच बरी वाटेल, मग बोलायला उरेल तेवढं गोडच राहील, असं ती म्हणाली तेव्हा दोघी जावा एकमेकींकडं पाहून हसल्या. वेगळ्या चुली, म्हणजे वेगळं घर. वरच्या खाचराशेजारी उंचवट्यावर घर उभं करायचं, माघात पाया खणायचा, कौलं भोरहून आणायची. लाकूड कुंडलिकाच्या रानातलं.

सांज झाली. कुंडलिक पायरीवरच बसला होता, रतनबाई दिव्याची वात वळत त्याच्याशेजारी आली आणि त्यानं विचारायच्या आधीच म्हणाली, एकदाच. मग थोडा विचार करून तिनं सकाळी कोंबड्याला हाकललं तेही सांगितलं. त्यावर कुंडलिकानं जरा वाद घातला की कोंबड्याचं धरायचं नाही, आणि रतनबाईनं ते धरायचंच असा हट्ट धरला. गेनबा आणि फुलाबाई सोप्याच्या दुसऱ्या टोकाला बसून हे ऐकत होती. फुलाबाई हळूच नवऱ्याला म्हणाली की आपण घर बांधू त्यालाही असा सोपा हवा. गेनबानं मान हलवली. त्याला आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण त्या सांजेला ते जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं पडल्यावर दोघं भाऊ उंचवट्यावर गेले. कुंडलिकाच्या हातात खुंट्या होत्या, गेनबाच्या हातात सुंभाची दोरी. गवत दवानं ओलं होतं. समोर राजगड धुक्यातून नुकता वर येत होता. कुंडलिकानं जागा न्याहाळली, चार पावलं मागं गेला, दोन पुढं आला. बारा वर्षं दगडी कामावर काढलेला माणूस, घर कुठं उभं राहावं हे त्याला नजरेनं कळायचं. त्यानं खुंटी ठोकली आणि म्हणाला की दार इथं, पूर्वेला. पश्चिमेचा वारा पाठीवर जाईल, सकाळचं ऊन आत येईल.

गेनबा खुंटीकडं पाहत उभा राहिला. दादा बोलला ते बरोबर होतं. वारा, ऊन, सगळं बरोबर. आणि आजवर दादा जे बोलला ते त्यानं ऐकलं होतं, पटलं तरी, न पटलं तरी. या खेपेला त्यानं मनातलं गिळलं नाही.

"न्हाई दादा," तो म्हणाला. "दार हितं न्हाई. तिकडं पायजे, झऱ्याच्या अंगाला. फुलाला पाणी भराय जवळ पडंल."

कुंडलिकानं भावाकडं पाहिलं. वारा कुठून येतो हे याला पुन्हा सांगावं असं त्याच्या जिभेवर आलं होतं.

"बरं," तो म्हणाला, आणि वाकून खुंटी उपटू लागला. जमीन ओली असूनही ती घट्ट बसली होती. गेनबानं दोरी खाली टाकली आणि दुसऱ्या बाजूनं हात लावला.